जुन्या गेमचे बोर्ड ‘निकामी’ ठरवण्याआधी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या आर्केड गेमची (नाणं टाकून खेळायच्या मशीनची) कॅबिनेटं घरात शोभेसाठी कशी वापरावीत, यावर सचित्र लेख आला होता. लेख आवडीनं लिहिलेला आहे, छायाचित्रंही सुरेख आहेत. पण त्यातले तीन सल्ले चुकीचे आहेत, आणि त्यांतला एक जिवावर बेतणारा आहे, म्हणून हे पत्र.

जिवावरचा सल्ला आधी घेते. जुनी पिक्चर ट्यूब अवजड असते, तिचे स्क्रू काढून ती बाहेर घ्या आणि सपाट पडदा लावा, असं लेखात म्हटलं आहे. रंगीत ट्यूबच्या अ‍ॅनोडवर मशीन चालू असताना २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो. मशीन बंद करून प्लग काढला तरी ट्यूबची काच कॅपॅसिटरसारखी तो भार धरून ठेवते. शिवाय ट्यूब आतून निर्वात असते, तिची मागची बारीक मान कुठं आपटली की फुटते. अ‍ॅनोडचा भार चौकटीच्या अर्थिंगला उतरवल्याशिवाय तिथं हात घालायचा नसतो. हे काम ज्यानं कुणाच्या शेजारी उभं राहून शिकलेलं नाही, त्यानं ते करू नये. घरात लहान मुलं असतील तर मागचं झाकणही उघडं ठेवू नये.

दुसरा सल्ला कनेक्टरच्या पट्ट्या पॉलिश पेपरनं घासण्याचा, आणि तिसरा, ज्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसले, तो असा: ‘आतला मूळ बोर्ड बहुधा निकामीच असतो, तो काढून टाका आणि त्या जागी शेकडो गेम असलेली तयार पेटी बसवा.’

माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजची कार्डं दुरुस्त करण्यात गेली. त्या कार्डांवर जे आयसी, म्हणजे चिपा, असायचे, ७४ मालिकेतले टीटीएल (साध्या लॉजिकचे आयसी), २११४ रॅम (तात्पुरती स्मृती), २७१६ ईप्रॉम (पुसून पुन्हा लिहिता येणारी, प्रोग्राम साठवणारी चिप), तेच या गेमच्या बोर्डांवरही आहेत. निवृत्तीनंतर असा पहिला बोर्ड हातात आला तेव्हा जुन्या सहकाऱ्यांशी गाठ पडल्यासारखं झालं. तेव्हापासून मी हे बोर्ड दुरुस्त करते, काहींचं रूपांतरही करते. ‘निकामी’ म्हणून माझ्याकडे आलेल्या बोर्डांपैकी खरोखर हाताबाहेर गेलेले फार थोडे निघाले. म्हणून तो शब्द इतक्या सहज छापलेला पाहून वाईट वाटलं.

बोर्ड निकामी आहे हे लोक ठरवतात कसं? अनेकदा तर त्याला सपाट पडदा जोडूनच. १९८० च्या दशकातल्या बहुतेक आर्केड बोर्डांचं चित्र सेकंदाला सुमारे १५,७०० आडव्या रेषा या वेगानं निघतं. संगणकाचे नेहमीचे पडदे साधारण ३१ हजारांपासून पुढं सुरू होतात. दोघांचं जमतच नाही. पडदा काळा राहतो किंवा ‘सिग्नल नाही’ म्हणतो, आणि आपण बोर्डाला दोष देतो. बोर्ड बिचारा आपलं काम नीट करत असतो. मध्ये वेग बदलणारा कन्व्हर्टर बसवला की तोच बोर्ड दिसू लागतो.

दुसरं कारण वीज. या बोर्डांना ५ व्होल्ट लागतात आणि टीटीएल आयसी फार तर पाच टक्के इकडेतिकडे चालवून घेतात, म्हणजे ४.७५ ते ५.२५. पॉवर सप्लायच्या टोकाशी मीटर अगदी ५.०० दाखवतो, आणि बोर्डाच्या दुसऱ्या कोपऱ्यातल्या आयसीच्या पायावर मात्र ४.६ मिळतात. मधले व्होल्ट खाल्ले कुणी? काळवंडलेल्या कनेक्टरनं. म्हणून मोजायचं ते नेहमी आयसीच्या पायावर, कनेक्टरपासून सर्वांत लांबच्या आयसीवर, आणि बोर्ड चालू असताना. सप्लाय वाढवून ही तूट भरून काढायचा मोह होतो; तो टाळावा आणि कनेक्टर साफ करावा. पट्ट्या साफ करायला पांढरं मऊ खोडरबर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. पॉलिश पेपर लावला की पट्टीवरचा सोन्याचा पातळ मुलामा निघून जातो, खालचं तांबं उघडं पडतं आणि पुढच्या वेळी अधिक लवकर काळं होतं. पुरवणीतल्या दुसऱ्या सल्ल्याबद्दल माझं म्हणणं इतकंच आहे.

एका बोर्डाची हकिगत सविस्तर सांगते, म्हणजे ‘तपासणे’ म्हणजे काय ते वाचकांना कळेल. नामकोनं १९८० मध्ये काढलेल्या ‘पॅक-मॅन’चा बोर्ड होता. चालू केला की पडदाभर अक्षरांचा कचरा यायचा, क्षणभर थांबायचा, पुन्हा तोच कचरा. मालकानं सांगितलं, ‘प्रोसेसर गेला.’ प्रोसेसर क्वचितच जातो. यावर झेड-८० आहे. त्याच्या ६ क्रमांकाच्या पायावर घड्याळाचे ठोके येतात, २६ वर रिसेट. बोर्डावरचा क्रिस्टल १८.४३२ मेगाहर्ट्‌झचा, त्याला सहानं भागून प्रोसेसरला ३.०७२ मेगाहर्ट्‌झ मिळतात. ऑसिलोस्कोपवर ठोके स्वच्छ होते. रिसेटचा पाय मात्र ठरावीक अंतरानं खाली जात होता. हे वॉचडॉगचं काम. बोर्डावर एक छोटा काउंटर चित्राच्या चौकटी मोजत असतो. प्रोग्रामनं वेळेत येऊन त्याला शून्यावर आणलं नाही, तर १६ चौकटींनंतर तो प्रोसेसरला पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. म्हणजे प्रोसेसर जिवंत होता, धावत होता, पण वाट चुकत होता.

वाट चुकते ती रॉम (प्रोग्राम कायमचा साठवलेली चिप) किंवा रॅममुळे. या बोर्डावर प्रोग्रामचे चार रॉम आहेत, प्रत्येकी ४ किलोबाइटचे. गेमचा सगळा प्रोग्राम १६ किलोबाइटमध्ये मावलेला आहे. चारही रॉम काढून प्रोग्रामरवर (चिपा वाचायच्या-लिहायच्या यंत्रावर) वाचले. तीन बरोबर, चौथ्याची बेरीज (आतल्या सगळ्या आकड्यांची, म्हणजे चेकसम) प्रत्येक वाचनाला वेगळी. अशा वेळी रॉम गेला म्हणून फेकून देतात. पण वेगवेगळं वाचन येतं आहे म्हणजे आतल्या माहितीवर शंका घेण्याआधी पायांकडे बघायला हवं. पाय काळे पडले होते. चांदीचा मुलामा असलेल्या पायांवर हवेतल्या गंधकामुळे हा काळा थर चढतो. फायबरच्या ब्रशनं पाय हलके साफ केल्यावर चौथा रॉमही दर वेळी तीच बेरीज देऊ लागला, आणि ती बरोबर होती. सॉकेटंही ढिली झाली होती. ती काढून दोन्ही बाजूंनी पाय पकडणारी नवीन बसवली.

त्यानंतर गेम आपली स्वतःची तपासणी करण्यापर्यंत पोचला आणि रॅम खराब असल्याचं त्यानंच पडद्यावर लिहून दिलं. इथं २११४ जातीच्या रॅम जोडीनं बसवलेल्या असतात, प्रत्येकीकडे चार-चार बिटं. लॉजिक प्रोब (पायावर वरचा दाब आहे की खालचा ते दाखवणारी सळई) लावल्यावर एका चिपचा एक पाय धड वर नाही, धड खाली नाही, असा लोंबकळत होता. ती चिप बोटाला शेजारणींपेक्षा गरमही लागत होती.

ती कशी काढायची, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. जुन्या बोर्डावर चिपपेक्षा बोर्ड मोलाचा. मेलेली चिप सबंध उपसायला गेलं की भोकांमधला तांब्याचा मुलामा आणि वरचे ट्रॅक तिच्याबरोबर येतात. म्हणून चिपचे पाय बारीक कटरनं अंगालगत कापायचे, चिपचं धड उचलून बाजूला ठेवायचं, आणि मग एकेक पाय चिमट्यात धरून खालून सोल्डरिंग आयर्न टेकवत सोडवायचा. नंतर भोकात थोडं ताजं सोल्डर भरून सकरनं ओढून घेतलं की भोक स्वच्छ होतं. ताजं का, तर जुनं सोल्डर मंद वितळतं. ६३ टक्के कथिल आणि ३७ टक्के शिशाचं सोल्डर १८३ अंशांना एकदम पातळ होतं आणि जुन्यालाही बरोबर घेऊन येतं. मग सॉकेट, मग नवी चिप. पडद्यावर ‘मेमरी ओके’ आलं आणि गेम सुरू झाला. एवढ्या दुरुस्तीला लागलं काय? काही सॉकेटं, एक रॅम, आणि निवांतपणा.

‘पण हे सगळे गेम संगणकावर फुकट चालतात, मग बोर्डाचा अट्टहास कशाला?’ हा प्रश्न मला घरच्यांनीही विचारला आहे, आणि तो रास्त आहे. ५ फेब्रुवारी १९९७ रोजी निकोला साल्मोरिया यांनी ‘मेम’ची (जुने गेम संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रामची) पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली आणि हजारो गेम नामशेष होण्यापासून वाचले. वर मी ‘बरोबर बेरीज’ म्हटलं ती मेमच्याच यादीतून ताडून पाहिली होती. मेम नसतं तर माझं अर्धं काम अंधारात झालं असतं. पण मेमकडे जे आहे ते कुठून आलं? कुणीतरी जपलेल्या, चालू बोर्डांवरून. आणि बोर्डावरचं सगळंच रॉममधून उतरवता येत नाही.

१९७२ चा अटारीचा ‘पाँग’ घ्या. त्यात मायक्रोप्रोसेसर नाही, रॉम नाही, प्रोग्रामची एक ओळसुद्धा नाही. अ‍ॅलन अल्कॉर्न यांनी तो निव्वळ टीटीएल गेट आणि काउंटर जोडून उभा केला. बॅटचे आठ भाग पाडले आहेत आणि चेंडू कुठल्या भागावर आदळला यावरून त्याचा कोन ठरतो. हे कुठं लिहिलेलं नाही, वायरिंगमध्येच आहे. बॅट पडद्याच्या अगदी वरच्या कडेपर्यंत जात नाही, तो त्या साध्या सर्किटचा दोष होता आणि खेळाला त्यानं बहार येते म्हणून ठेवून दिला. तिथं सर्किट हाच गेम आहे. बोर्ड गेला की नकाशा उरेल, गेम नाही.

१९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये प्रोसेसर आहे, इंटेलचा ८०८०. प्रोग्राम दर चौकटीला एकच इन्व्हेडर सरकवतो. सुरुवातीला ५५ असतात, म्हणून सगळी फौज एक पाऊल टाकायला ५५ चौकटी घेते. जसजसे मरतात तसतशी उरलेल्यांची पाळी लवकर येते आणि ते धावू लागतात. शेवटचा इन्व्हेडर अंगावर येतो तो वेग असा आला आहे. तोमोहिरो निशिकादो यांनी तो तसाच ठेवला. त्याचे आवाज मात्र प्रोग्राममध्ये नाहीत, ते आहेत रेझिस्टर, कॅपॅसिटर आणि एका ध्वनी आयसीच्या सर्किटमध्ये. मेममध्येही हे आवाज बराच काळ ध्वनिमुद्रित तुकडे वाजवून काढावे लागत. त्या काळचे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर सुकले की आवाजाचा पोत बदलतो, आणि तो मूळ कसा होता हे ठरवायला चांगला दुरुस्त केलेला बोर्डच लागतो.

आता बॅटरीबद्दल. ‘निकामी’ ठरवण्याची घाई किती महाग पडते, हे इथं सर्वांत स्पष्ट दिसतं.

कॅपकॉमनं १९९३ मध्ये सीपीएस-२ नावाची बोर्डप्रणाली आणली. नक्कल होऊ नये म्हणून रॉममधला प्रोग्राम गुप्त लिपीत ठेवला आणि ती लिपी उलगडणारी किल्ली एका चिपच्या रॅममध्ये, ३.६ व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर जिवंत ठेवली. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि पडदा नुसता एका रंगाचा होऊन बसतो. रॉम शाबूत, प्रोसेसर शाबूत, पण एकमेकांची भाषा कळेना. दुरुस्ती करणारे या प्रकाराला ‘सुसाइड बॅटरी’ म्हणतात. सेगाच्या काही बोर्डांवर एफडी-१०९४ नावाचा प्रोसेसर येतो, तोही याच जातीचा. बॅटरी गेलेले असे कितीतरी बोर्ड भंगारात गेले, कारण तेव्हा उपाय नव्हता.

उपाय निघाला तो टप्प्याटप्प्यानं. २००१ मध्ये काही हौशी मंडळींनी चालू बोर्डांकडूनच उलगडलेला प्रोग्राम काढून घेण्याची युक्ती शोधली. २००७ मध्ये अँड्रियास नाइव्ह आणि साल्मोरिया यांनी लिपीचं गणितच सोडवलं. आणि २०१६ मध्ये एका छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डानं मूळ किल्ली पुन्हा त्या चिपमध्ये भरण्याची पद्धत जाहीर झाली. रॉम न बदलता, काही न कापता, मेलेला सीपीएस-२ बोर्ड कारखान्यातून निघाला तसा परत चालू होतो. मी स्वतः ते केलं आहे. एकरंगी पडद्यावर कंपनीचं नाव उमटलं तेव्हा शेजारच्या खोलीतून नवरा धावत आला, इतकी मी ओरडले. १९९९ मध्ये ज्यानं तो बोर्ड माळ्यावर टाकला आणि फेकला नाही, त्या अनोळखी माणसाचे मी मनोमन आभार मानले. आज ज्या बोर्डावर उपाय नाही त्यावर पुढं निघू शकतो. भंगारात वितळलेल्या बोर्डावर मात्र कधीच निघणार नाही.

याउलट काही बोर्डांवरची बॅटरी आजच काढायला हवी. १९९० च्या निओ-जिओ एमव्हीएस या गेमप्रणालीच्या बोर्डांवर निकेल-कॅडमियमची ३.६ व्होल्टची चार्ज होणारी बॅटरी असते. ती गळते, आणि तिच्यातला अल्कलीचा रस ट्रॅक आणि भोकं खात बोर्डभर पसरतो. हिरवट-निळसर बुरशीसारखं काही दिसलं तर तेच. बॅटरी कापून काढावी, डाग पांढऱ्या व्हिनेगरनं पुसावा, मग आयसोप्रोपिलनं धुऊन पूर्ण वाळवावा. तिच्या जागी लिथियमचं नाणंसेल बसवायचं तर चार्जिंगची वाट डायोडनं अडवावी, कारण ते सेल चार्ज करायचे नसतात. ही बॅटरी नसली तरी गेम चालतो, फक्त नोंदी आणि सेटिंग राहत नाहीत. सीपीएस-२ ची बॅटरी आणि ही बॅटरी यांतला हा फरक नीट लक्षात ठेवावा; एक काढली तर बोर्ड मरतो आणि दुसरी ठेवली तर मरतो.

लेखात आणखी एक वाक्य आहे, की जुन्या बोर्डावर गेम बदलून बसवणं ही एक प्रकारची फसवणूक आहे. हे मला अर्धंच पटतं. रूपांतर हा आर्केडच्या धंद्याचा पहिल्यापासूनचा भाग आहे. निन्टेन्डोचा ‘रडार स्कोप’ अमेरिकेत खपला नाही, सुमारे २ हजार कॅबिनेटं पडून राहिली. त्यांत बसवायला म्हणून शिगेरु मियामोतो यांनी नवीन गेम रचला, तो १९८१ चा ‘डाँकी काँग’. म्हणजे एवढा मोठा गेम जन्माला आला तो न खपलेल्या मशीनच्या रूपांतरातून. ‘मिस पॅक-मॅन’ची गोष्ट तर माझ्या कामाला आणखी जवळची. जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशन या छोट्या कंपनीतल्या तरुणांनी पॅक-मॅनच्या बोर्डावर चढवायचा एक जोडबोर्ड केला. झेड-८० त्याच्या सॉकेटमधून काढायचा, त्या जागी जोडबोर्डाची केबल घालायची आणि झेड-८० जोडबोर्डावर बसवायचा. प्रोग्रामचे मूळ चारही रॉम जागेवरच राहतात, चित्रांचे रॉम तेवढे बदलायचे. जोडबोर्ड ठरावीक पत्त्यांवर मध्ये पडून आपली माहिती पुढं करतो. अमेरिकेत पॅक-मॅन काढणाऱ्या मिडवे कंपनीनं ते घेतलं आणि मिस पॅक-मॅन म्हणून बाजारात आणलं. जोडबोर्ड काढून झेड-८० आणि चित्रांचे मूळ रॉम परत बसवले की तुमचा पॅक-मॅन जसाच्या तसा.

मी रूपांतराची कसोटी तिथूनच घेतली आहे: उद्या कुणाला मूळ गेम हवा असेल तर तो परत मिळाला पाहिजे. त्यासाठी ट्रॅक कापायचे नाहीत. आयसी थेट सोल्डर असेल तर आधी सॉकेट. मूळ रॉम वाचून त्यांची प्रत ठेवायची, आणि मूळ रॉम पुसून त्यांवरच नवा गेम भरायचा नाही, कितीही सोयीचं असलं तरी. ईप्रॉमच्या खिडकीतून अतिनील प्रकाश १५-२० मिनिटं पडला की आतलं सगळं पुसलं जातं. त्या माहितीची दुसरी प्रत जगात कुठं असेलच असं धरून चालता येत नाही. नवे रॉम वेगळे आणा. मूळ रॉम लेबलसकट अँटिस्टॅटिक पिशवीत, बोर्डाबरोबरच, आणि सोबत एका कागदावर काय बदललं, कुठला जंपर (जोडणी बदलायचा छोटा तुकडा) हलवला, ते हातानं लिहून. खिडकीवरचं कागदी लेबल निघालं असेल तर लगेच दुसरं चिकटवा.

नुसते रॉम बदलले की गेम बदलला, असं समजून हात घालणाऱ्यांना ‘फ्रॉगर’ चांगला धडा देतो. कोनामीच्या या १९८१ च्या गेमचं हार्डवेअर त्यांच्याच ‘स्क्रॅम्बल’शी बरंचसं मिळतं. पण आवाजाच्या पहिल्या रॉममध्ये आणि चित्रांच्या दुसऱ्या रॉममध्ये डी-० आणि डी-१ या दोन डेटा लाइन मुद्दाम अदलाबदल केलेल्या आहेत. दुसऱ्या बोर्डावर ते रॉम सरळ बसवले तर बेडूक विचित्र दिसतो, आवाज बिघडतो, आणि माणूस चांगल्या रॉमना दोष देत बसतो. त्याशिवाय रंगांचे प्रॉम (एकदाच लिहिता येणाऱ्या चिपा), कुठं पत्ते ठरवणारे पाल (लॉजिक भरलेल्या चिपा), कुठं कंपनीच्या खास चिपा. मिडवेच्या पॅक-मॅन बोर्डावर रेझिनमध्ये बुडवलेली अशी दोन छोटी मोड्यूल आहेत. ती गेली की बोर्ड संपला, असं पूर्वी म्हणत. आता साध्या, बाजारात मिळणाऱ्या आयसींवर त्यांची बदली बनवण्याचे नकाशे हौशी लोकांनी मोकळे ठेवले आहेत. हे काम करणाऱ्यांविषयी मला फार आदर वाटतो.

कॅबिनेटमध्ये बोर्ड बदलणं १९८५ नंतर सोपं झालं, कारण जपानी उत्पादकांच्या संघटनेनं जामा कनेक्टर ठरवून दिला: ५६ संपर्क, दोन बाजूंना २८-२८, मधलं अंतर ३.९६ मिलिमीटर. वीज, चित्र, स्पीकर, नाणं, बटणं, सगळं एकाच पट्टीवर. त्यातल्या सातव्या जागी एक आडकाठी असते. ती हरवली असेल तर आधी ती बसवा, कारण बोर्ड उलटा शिरला की १२ व्होल्ट नको तिथं जातात. आधीच्या बोर्डांना अ‍ॅडॉप्टर लागतो, आणि तो नुसता तारा जुळवून होत नाही. पॅक-मॅनला ४४ संपर्क आहेत आणि तो ट्रान्सफॉर्मरकडून एसी घेऊन बोर्डावरच डीसी करतो. जामाच्या सप्लायचे ५ व्होल्ट त्याच तारांना जोडले तर मधल्या डायोडवर आणि रेग्युलेटरवर व्होल्ट पडून बोर्ड उपाशी राहतो. आणि मग पुन्हा तोच निकाल, ‘निकामी’.

आता ज्या अर्ध्यावर मला लेख पटतो ते. कमी लोकप्रिय गेमचा चालू बोर्ड घेऊन त्यावर नामवंत गेम चढवण्याची प्रथा वाढली आहे. सीपीएस-२ च्या बाबतीत तर सर्रास चालते. माझ्याकडेही असे बोर्ड येतात आणि मी ते काम घेत नाही. जो गेम आज कुणी मागत नाही, त्याचेच बोर्ड आधी संपतात. रूपांतर करायचं तर ज्याचे रॉम आधीच हरवले आहेत किंवा ज्याच्यावर आधीच कुणी कापाकापी केली आहे, असा बोर्ड घ्यावा. आणि विकताना ‘रूपांतरित’ असं स्पष्ट सांगावं. ते लपवलं तर लेखातला ‘फसवणूक’ हा शब्द योग्यच आहे.

तयार पेटीला माझा विरोध नाही. कुणाला शेकडो गेम हवेत तर जामाच्या त्याच कनेक्टरवर ती पेटी बसते, आणि मूळ बोर्ड काढून जपून ठेवता येतो. अँटिस्टॅटिक पिशवी नसेल तर निदान साधा पुठ्ठा चालेल. थर्माकोल आणि साधं प्लास्टिक नको, त्यांच्या घर्षणातल्या स्थिर विजेनं चिपा जातात. बोर्ड उभा ठेवावा, एकावर एक रचू नये. मशीन चालू असताना कनेक्टर काढू-घालू नये.

आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलामुलींच्या हाती असे बंद बोर्ड जरूर द्यावेत. आजच्या बोर्डावर सगळं एका चिपमध्ये दडलेलं असतं. तिथं प्रोब लावायला जागा नसते. इथं घड्याळ, पत्ते, डेटा, रॅम, चित्राची गणती, सगळं वेगवेगळं उघडं मांडलेलं आहे आणि एक पाय उचलला की पडद्यावर काय बिघडतं ते डोळ्यांना दिसतं. माझ्याकडे येणारी एक विद्यार्थिनी महिन्याभरात स्कोप वापरायला शिकली ती एका बंद ‘गॅलागा’वर. त्यात तीन झेड-८० आहेत आणि तिघं एकाच रॅममधून एकमेकांशी बोलतात; कोण गप्प बसलं आहे ते तिनं स्वतः शोधून काढलं.

आपल्या पुरवणीचे वाचक पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या काहींच्या माळ्यावर असा एखादा बोर्ड नक्की असेल. तेव्हा पुढच्या अंकात निदान इतका खुलासा छापावा: पिक्चर ट्यूबला माहीतगाराशिवाय हात लावू नये, कनेक्टरला पॉलिश पेपर लावू नये, आणि मूळ बोर्ड त्याचे रॉम वाचून ठेवल्याशिवाय कुणाला भंगारात देऊ नये. जागा असेल तर निकेल-कॅडमियम बॅटरीबद्दलचं वाक्यही घ्यावं. ती गळायला कुणाची वाट बघत नाही.

आपली नम्र,
एक नियमित वाचक
(निवृत्त दूरध्वनी तंत्रज्ञ)